तेहानू (कादंबरी)

‘तेहानू’ ही अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन यांची इंग्रजी कादंबरी आहे. ‘अर्थसी’ या त्यांच्या अद्भुतरम्य साहसकथांच्या मालेतील ही चौथी कादंबरी इ.स. १९९० मध्ये अथेनियम या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. मालेतील तिसरे पुस्तक १९७२ मध्ये आले होते. दोहोंमध्ये १८ वर्षांचा खंड पडला, आणि त्यानंतर वाचकांच्या हाती जे पुस्तक आले ते त्यांच्या अपेक्षेहून इतके निराळे होते की त्याविषयी आजही दोन तट आढळतात. आधीच्या पुस्तकांत समुद्रप्रवास, भूमिगत चक्रव्यूह, ड्रॅगनांशी वाटाघाटी आणि मृतांच्या देशातील झुंज होती. चौथ्या पुस्तकात एक मध्यमवयीन विधवा शेतकरीण, आगीत भाजलेली एक लहान मुलगी आणि सामर्थ्य गमावून बसलेला एक जादूगार यांची गोष्ट आहे. ती जवळजवळ सर्वस्वी एकाच बेटावर, शेळ्या, भाजीचे वाफे आणि चूल यांच्या सोबतीने घडते.

या कादंबरीस १९९० सालच्या सर्वोत्कृष्ट कादंबरीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये तिला अद्भुतरम्य कादंबरीसाठीचा लोकस पुरस्कारही देण्यात आला.

मालेची पूर्वपीठिका

अर्थसी हे शेकडो लहानमोठ्या बेटांचे काल्पनिक जग आहे. भूमी आणि सागर या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द जोडून हे नाव तयार झाले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन लघुकथांतून हे जग प्रथम वाचकांसमोर आले. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने १९६८ मध्ये ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ ही मालेतील पहिली कादंबरी काढली. गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा गेड हा मुलगा जादूगार कसा होतो आणि गर्वाच्या भरात मोकळी सोडलेली आपलीच छाया अखेर कशी ओळखतो, हा तिचा विषय. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) या दुसऱ्या पुस्तकाची नायिका टेनार ही आहे. अगदी लहानपणी आईबापांपासून तोडून तिला अंधारातील अनाम शक्तींची पुजारीण केलेले असते. तिचे नावही काढून घेतलेले असते. एका तुटलेल्या कड्याचा अर्धा भाग शोधत गेड त्या भूमिगत चक्रव्यूहात शिरतो आणि अडकतो. दोघे एकमेकांच्या मदतीने बाहेर पडतात. ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) मध्ये जगातून जादू पाझरून जाऊ लागते. तेव्हा सर्वोच्च जादूगार झालेला गेड तरुण राजपुत्र आरेन याला बरोबर घेऊन मृतांच्या देशात जातो, तिथले भगदाड बुजवतो आणि त्या कामी आपले सारे सामर्थ्य वेचून टाकतो. अखेरीस तो ड्रॅगनच्या पाठीवर बसून निघून जातो. या तिसऱ्या पुस्तकास बालसाहित्यासाठीचा १९७३ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

लेखिकेचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ होते आणि आई थिओडोरा क्रोबर याही लेखिका होत्या. अर्थसीतील चालीरीती, गाणी, सणवार आणि बेटाबेटांतील बोलीभेद रचलेले न वाटता पाहिलेले वाटतात, यामागे हे घर असावे असे मानण्यास जागा आहे. आणखी एक विशेष येथेच नोंदवला पाहिजे. अर्थसीतील बहुसंख्य लोक तांबूस-तपकिरी किंवा काळ्या वर्णाचे आहेत; गोऱ्या वर्णाचे लोक फक्त पूर्वेकडील कार्गाद बेटांवर राहतात आणि इतरांच्या दृष्टीने ते रानटी ठरतात. टेनार त्यांच्यापैकी आहे. म्हणजे गॉन्टवर ती आयुष्यभर परकीच राहते.

नावांचे शास्त्र

या मालेतील जादू मंत्रतंत्रावर नव्हे, तर नामज्ञानावर उभी आहे. प्रत्येक वस्तूचे, प्राण्याचे आणि माणसाचे आदिभाषेतील एक खरे नाव असते. ते ज्याला ठाऊक त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवतात आणि व्यवहारात दुसरेच नाव वापरतात. गेडचे व्यवहारातील नाव स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्याकडील शिक्र्याच्या जातकुळीतील पक्षी. ड्रॅगन मात्र ही आदिभाषा जन्मतःच बोलतात. त्यांना ती शिकावी लागत नाही. ही बारीकशी माहिती चौथ्या पुस्तकाचा शेवट समजण्यास आवश्यक आहे.

पाळण्यातले नाव एक आणि हाक मारायचे नाव दुसरे, ही गोष्ट मराठी वाचकास नवी नाही. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चालही अद्याप अनेकांच्या स्मरणात आहे. त्यामुळे टेनारची नावे मोजताना मराठी वाचक कदाचित इंग्रजी वाचकापेक्षा लवकर थबकेल. आईने दिलेले नाव टेनार. देवळात ते पुसून तिला आर्हा, म्हणजे ‘गिळलेली’, म्हणत. गॉन्टवर शेतकऱ्याची बायको झाल्यावर गावकरी तिला गोहा म्हणू लागले. गॉन्टच्या बोलीत जाळे विणणाऱ्या एका लहान पांढऱ्या कोळ्याचे ते नाव. शिवाय ती कोणाची तरी बायको, कोणाची तरी आई आणि शेवटी कोणाची तरी विधवा. कादंबरीत निवेदक तिला कधी गोहा म्हणतो, कधी टेनार. कोणत्या प्रसंगी कोणते नाव येते याकडे लक्ष ठेवून वाचावे.

गॉन्टवरील इतर माणसांची नावे साध्या वस्तूंवरून घेतलेली आहेत. तिचा मृत नवरा फ्लिंट म्हणजे गारगोटी, मुलगा स्पार्क म्हणजे ठिणगी, मुलगी अ‍ॅपल, मैत्रीण लार्क म्हणजे चंडोल, रे आल्बी गावची वैदूबाई मॉस म्हणजे शेवाळ. गारगोटीच्या पोटी ठिणगी, हा लेखिकेचा विनोद सहज निसटून जाण्यासारखा आहे.

लेखनाचा इतिहास

तीन पुस्तकांनी माला पुरी झाली असेच वाचक समजत होते. ले ग्विन यांना मात्र चौथे पुस्तक हवे हे १९७२ पासूनच ठाऊक होते, पण ते त्यांच्या हातून उतरत नव्हते. १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या आणि पुढे स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात त्यांनी याची कारणमीमांसा केली. पहिली पुस्तके लिहिताना त्यांनी वीरकथेची जुनी चौकट फारशी न तपासता स्वीकारली होती. त्या चौकटीत नायक पुरुष असतो, विद्या पुरुषांची असते, आणि रोक बेटावरील जादूविद्येच्या शाळेत मुलींना प्रवेश नसतो. स्त्रियांची जादू दुबळी आणि दुष्ट, असा समज गॉन्टमध्ये प्रचलित असल्याचे पहिल्याच पुस्तकात सांगितले आहे. तिथे त्याला कोणी हरकत घेत नाही. लेखिकाही घेत नाही.

मधल्या काळात स्त्रीवादी विचाराने इंग्रजी साहित्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती आणि ले ग्विन यांची स्वतःचीही. आता त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. माला तशीच सोडून देता आली असती. रोकच्या शाळेत एखादी हुशार मुलगी घालून जुन्याच साच्यात नवे पात्र ओतता आले असते. त्यांनी तिसरा मार्ग घेतला: जग तेच ठेवायचे, त्याचे नियमही तेच ठेवायचे, आणि त्या नियमांखाली स्त्रिया, मुले व सामर्थ्यहीन माणसे कशी जगतात ते पाहायचे. आधी लिहिलेले एक अक्षरही त्यांनी खोटे ठरवले नाही.

कथानक

कादंबरीचा आरंभ तिसऱ्या पुस्तकाचा शेवट होण्याच्या थोडा आधी होतो. अटुआनमधून सुटून सुमारे २५ वर्षे झाली आहेत. गेडचे गुरू ओगियन यांनी टेनारला मुलीप्रमाणे सांभाळले होते आणि ते तिला विद्याही शिकवू पाहत होते. ती त्यांची विद्या सोडून गेली, शेतकऱ्याशी लग्न करून राहिली, दोन मुले वाढवली. आता नवरा वारला आहे, मुलगी सासरी आहे, मुलगा समुद्रावर. अशा वेळी गावाबाहेर उतरलेल्या भटक्यांनी एका लहान मुलीवर अत्याचार करून तिला आगीत ढकलल्याचे कळते. मुलगी वाचते, पण तिचा एक डोळा जातो, चेहऱ्याची एक बाजू भाजून निघते आणि एक हात निकामी होतो. टेनार तिला घरी आणते आणि आपल्या कार्गी भाषेतील थेरू हे नाव देते. त्याचा अर्थ ज्वाळा, जळणे.

वर्षभराने ओगियन अत्यवस्थ असल्याचा निरोप येतो. टेनार मुलीला घेऊन डोंगरावरील रे आल्बी गावी चालत जाते. ओगियन मरतेसमयी तिला आपले खरे नाव सांगतात आणि थेरूला सारे शिकव, मात्र रोकची विद्या नको, असे बजावतात. त्यांच्या मृत्यूनंतर दोन जादूगार येऊन दफन कोठे करावे यावर वाद घालू लागतात. गुरूंचे नाव कोणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची हळहळ चालू असते. नाव मला सांगितले आहे, असे टेनार सांगते; ते दोघांच्याही कानांवरून जाते. शेवटी ती ते नाव मोठ्याने उच्चारते. दीडदोन पानांचा हा प्रसंग आहे, पण पुस्तकाचा सारा पुढचा प्रवास त्यात दिसतो.

काही दिवसांनी कॅलेसिन नावाचा अतिवृद्ध ड्रॅगन बेशुद्ध गेडला कड्यावर आणून सोडतो. टेनार आणि मॉस त्याची शुश्रूषा करतात. तो शरीराने बरा होतो. मनाने होत नाही. नव्या राजाच्या राज्याभिषेकासाठी त्याला न्यायला माणसे येतात तेव्हा जगाचा हा तारणहार घाबरून लपून बसतो आणि पुढे डोंगरात शेळ्या राखायला निघून जातो. इकडे थेरूला छळणाऱ्यांपैकी हँडी हा इसम पुन्हा गावात दिसू लागतो, आणि रे आल्बीच्या जमीनदाराकडील जादूगार अ‍ॅस्पेन टेनारला शाप देतो. ती मुलीसह बंदराकडे पळते. तिथे राजा लेबानेन, म्हणजे तिसऱ्या पुस्तकातील आरेन, त्या दोघींना आपल्या जहाजावर घेऊन सुखरूप पोहोचवतो. हिवाळ्यात टेनारच्या शेतावरील घरावर हल्ला होतो. त्या रात्री गेड धावून येतो, जादूने नव्हे, हातात गवत उचलण्याचे दाताळे घेऊन. त्यानंतर टेनार आणि गेड पतिपत्नीप्रमाणे एकत्र राहू लागतात.

वसंतात मुलगा स्पार्क परततो आणि कायद्याने शेत त्याचे होते. मॉस आजारी असल्याचा निरोप आल्याने तिघे पुन्हा रे आल्बीला निघतात, तो अ‍ॅस्पेन टेनार आणि गेडला मंत्राने बांधून त्यांची पशूसारखी विटंबना करतो आणि त्यांना कड्यावर नेतो. त्या क्षणी थेरू आदिभाषेत कॅलेसिनला हाक मारते. ती भाषा तिला कोणी शिकवलेली नसते. ड्रॅगन येतो, शत्रूंना भस्म करतो आणि मुलीला कन्या म्हणून, तेहानू या तिच्या खऱ्या नावाने संबोधतो. तेहानू हे टेनारच्या मायदेशातील एका शुभ्र ताऱ्याचेही नाव आहे. कॅलेसिन तिला बरोबर येण्याविषयी विचारतो. ती आपल्या माणसांजवळ राहणे पसंत करते, आणि ड्रॅगन पुढे कधीतरी येण्याचे ठरवून निघून जातो. तिघे ओगियनच्या घरात राहू लागतात.

घरातून दिसणारे अद्भुत

मालेतील पुढचे पुस्तक वाचताना वाचकास सामान्यतः दोन गोष्टी हव्या असतात: ओळखीच्या माणसांची भेट आणि आधीच्या थराराची पुनरावृत्ती. ‘तेहानू’ पहिली गोष्ट भरभरून देते आणि दुसरी नाकारते. ज्याने थेट हे पुस्तक उघडले त्याला ते संथ वाटेल. ज्याने आधीची तीन वाचली आहेत त्याला पानोपानी जुन्या खुणा सापडतात. गेड जिथे लहानपणी मुका बसून ओगियनचे मौन सोसत होता तेच घर, तीच भिंतीकडची निजायची जागा, तोच डोंगर. पहिल्या पुस्तकात शेळ्या राखणारा मुलगा जादूगार झाला. चौथ्यात जादूगार पुन्हा शेळ्या राखतो. हे वर्तुळ लेखिका कोठेही बोलून दाखवत नाही.

गेडची अवस्था हा या कादंबरीतील सर्वांत धाडसी भाग म्हणावा लागेल. सामर्थ्य गेल्यावर उरते काय, हा प्रश्न वीरकथेत सहसा येत नाही, कारण वीर एक तर मरतो किंवा सन्मानाने निवृत्त होतो. गेड दोन्ही करत नाही. त्याला लाज वाटते. टेनारला त्याची कणव येते, पण हळूहळू ती त्याच्या आत्ममग्नतेला कंटाळतेही, आणि हा कंटाळा लेखिकेने लपवलेला नाही. अर्थसीतील जादूगार ब्रह्मचारी असतात. पन्नाशीच्या आसपासचा हा पुरुष संसाराच्या बाबतीत पोरसवदा आहे, हे टेनारच्या ध्यानात येते तो प्रसंग हळुवार आहे आणि थोडा गमतीचाही. नोकरीतून निवृत्त झालेल्या आणि सकाळी उठून काय करावे हे न सुचणाऱ्या माणसांनी ही प्रकरणे अवश्य वाचावीत; प्रस्तुत लेखकाने ती त्याच वयात वाचली आणि गेडचा राग येता येता थांबला.

भांडी घासण्याचा प्रसंगही असाच. ओगियन स्वतःचे ताट स्वतः धूत. गेडही धुतो. समुद्रावरून आलेला स्पार्क ते बायकांचे काम समजून ताट तसेच ठेवून उठतो, आणि आपण मुलाला वाढवताना कोठे चुकलो हे टेनारला तिथे उमजते. ड्रॅगन असलेल्या कादंबरीत खरकट्या ताटाला इतके महत्त्व देणे काहींना रुचले नाही. परंतु सत्ता कोणाची आणि श्रम कोणाचे, हा ग्रंथाचा प्रश्न राजवाड्यापेक्षा मोरीजवळ अधिक स्पष्ट दिसतो, अशी लेखिकेची भूमिका असावी.

मॉस हे पात्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ती अशिक्षित, अस्वच्छ, थोडी लबाड, पण अडीअडचणीला धावून येणारी आहे. बाळंतपणे करणे, जखमा बांधणे, मोडकी भांडी सांधणे हे तिचे काम. मराठीत तिला चेटकीण म्हणावे तर तो शब्दच शिवीसारखा. सुईण किंवा वैदूबाई म्हणणे सत्याला जवळचे. पुरुषाची शक्ती आणि स्त्रीची शक्ती यांत फरक काय, यावर ती आणि टेनार शेणामातीच्या वासात बसून बोलतात. मॉसच्या मते पुरुष कवचातल्या बीसारखा आपल्यातच घट्ट भरलेला असतो, तर स्त्रीची मुळे कोठवर गेली आहेत हे कोणास सांगता येत नाही. टेनारला हे उत्तर पुरते पटत नाही. लेखिकाही निकाल देत नाही. स्त्रीशक्तीचे गूढ गौरवीकरण करणाऱ्या पुष्कळ लेखनापेक्षा हे पुस्तक येथे सरस ठरते.

राजाच्या जहाजावरील संभाषण याच धाग्याचे आहे. गेडनंतर सर्वोच्च जादूगार कोण, हे ठरवण्यासाठी रोकचे गुरुजन जमले असता त्यांपैकी एकाला केवळ ‘गॉन्टवरील एक स्त्री’ एवढाच संकेत मिळालेला असतो. म्हणून ते अशा स्त्रीचा शोध घेत आहेत की जी त्यांना योग्य पुरुषापर्यंत नेईल. संकेतातील स्त्री म्हणजे स्वतःच ती असू शकेल, ही शंका रोकच्या विद्वानास शिवतही नाही. टेनार त्याच्यासमोर बसली आहे आणि तिच्या शेजारी थेरू.

थेरू आणि विणकराचा पंखा

पुस्तकाच्या मध्यभागी थेरू आहे. ती फार कमी बोलते. तिचा आवाज घोगरा आहे, कारण आगीने तिचा घसाही जाळला होता. जादूगारांना ती पाहवत नाही. गावकरी नजर चुकवतात. अन्यायाची खूण ज्याच्या अंगावर असते त्यालाच लोक अपशकुनी समजतात, हा अनुभव काल्पनिक जगापुरता मर्यादित नाही. टेनारही प्रारंभी तिच्या भाजलेल्या बाजूकडे पाहताना स्वतःवर जबरदस्ती करते. जे झाले ते भरून येणार नाही, हे पुस्तक अनेकदा आणि स्पष्टपणे सांगते. शेवटी ड्रॅगन येतो तेव्हाही तो जखम बरी करत नाही. डोळा परत येत नाही, हात सरळ होत नाही. अद्भुतकथेच्या हाती असलेला हा सोपा उपाय लेखिकेने मुद्दाम वापरलेला नाही. मुलीला पुढे काय करता येईल, तिला कोण शिकवील, तिच्यासाठी कोणते काम शोधावे, ही टेनारची काळजी कोणत्याही अपंग मुलाच्या आईची काळजी आहे.

माणसे आणि ड्रॅगन पूर्वी एकच होते, अशी एक कथा ओगियनने टेनारला सांगितलेली असते. काहींनी रान आणि वारा निवडला, काहींनी घर आणि मालमत्ता. पण क्वचित कोणात दोन्ही उरते. या कथेला जोड मिळते ती रे आल्बीच्या वृद्ध विणकराच्या घरी. त्याचे नावच पंखा या अर्थाचे आहे आणि त्याच्या भिंतीवर एक जुना रंगवलेला पंखा टांगलेला असतो. एका बाजूस हॅवनॉर नगरीतील नटूनथटून उभे असलेले स्त्रीपुरुष, दुसऱ्या बाजूस ड्रॅगन. विणकर तो उजेडाकडे धरतो तेव्हा दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात आणि माणसांना पंख फुटल्यासारखे दिसतात. दृश्य तेवढेच आहे. टेनार पाहते आणि पंखा पुन्हा भिंतीवर जातो. दुसऱ्यांदा वाचताना या पानाशी आल्यावर पुस्तकाचे रहस्य लेखिकेने किती उघड्यावर ठेवले होते ते कळते.

स्वागत आणि आक्षेप

पुरस्कार मिळाले तरी अनेक जुने वाचक नाराज झाले. त्यांचा मुख्य आक्षेप गेडविषयी होता: लाडक्या नायकास असे खाली आणले हे त्यांना आवडले नाही. दुसरा आक्षेप असा की लेखिकेने कथेऐवजी मत मांडले. यातील पहिल्या आक्षेपास फारसा आधार नाही. गेडचे सामर्थ्य तिसऱ्या पुस्तकातच संपले होते. चौथ्याने फक्त त्याचा दुसरा दिवस दाखवला. दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. टेनारचे काही विचार पात्रापेक्षा लेखिकेचेच वाटतात. अ‍ॅस्पेन हा खलपुरुष एकरंगी आहे. स्त्रियांविषयीच्या द्वेषापलीकडे त्याला व्यक्तिमत्त्व नाही, आणि त्यामुळे शेवटची विटंबना भीषण असली तरी आधीच्या प्रकरणांतील घरगुती क्रौर्याइतकी खरी वाटत नाही. कड्यावरचा शेवटही घाईचा आहे. २०० हून अधिक पाने सावकाश चाललेली कथा अखेरच्या काही पानांत ड्रॅगनच्या वेगाने संपते.

पुस्तक कोणत्या वयासाठी, हाही प्रश्न उपस्थित झाला. पहिली तीन पुस्तके किशोरांसाठी म्हणून निघाली होती. चौथ्यात बालकावरील अत्याचाराचा उल्लेख आरंभापासून आहे, जरी त्याचे वर्णन कोठेही केलेले नाही. पहिले पुस्तक बाराव्या वर्षी वाचणाऱ्याने हे थोडे थांबून वाचावे. १९६८ मध्ये गेडबरोबर लहान असलेले वाचक १९९० मध्ये तिशी ओलांडून गेले होते, आणि लेखिका त्यांच्याशी त्यांच्या वयाला साजेल असे बोलत होती, असेही म्हणता येईल.

पुढील पुस्तके आणि रूपांतर

मूळ आवृत्तीवर ‘अर्थसीचे अखेरचे पुस्तक’ असे उपशीर्षक होते. ते खरे ठरले नाही, आणि ले ग्विन यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. १९९८ मध्ये ‘ड्रॅगनफ्लाय’ ही दीर्घकथा आली. तीत एक तरुणी थेट रोकच्या दारात जाऊन उभी राहते. २००१ मध्ये ही कथा समाविष्ट असलेला ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा संग्रह आणि ‘द अदर विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. संग्रहातील ‘द फाइंडर’ या कथेवरून रोकची शाळा स्थापन करण्यात स्त्रियांचाही हात होता आणि त्यांना नंतर बाहेर काढण्यात आले, असे समजते. ‘द अदर विंड’ला २००२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला.

जपानच्या स्टुडिओ जिब्ली या संस्थेने २००६ मध्ये गोरो मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली अर्थसीवर चित्रपट काढला. त्यात तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकांतील पात्रे एकत्र आणली आहेत. टेनारचे शेत आणि थेरू तिथे दिसतात, परंतु कथा बरीच वेगळी आहे. सर्व कादंबऱ्या आणि कथा एकत्र करणारी, चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांनी सजलेली आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. तिच्यात ‘तेहानू’ चौथ्या क्रमांकावर आहे आणि ती त्याच क्रमाने वाचावी. ‘द अदर विंड’मध्ये थेरू मोठी झालेली असते, आणि तिथे कॅलेसिनच्या प्रश्नाला ती दुसऱ्यांदा उत्तर देते.